फॉर्ममधला प्रत्येक रकाना

एचआयव्हीच्या कार्यक्रमांसाठी माहिती गोळा करायचं काम मी गेली बरीच वर्षं करते आहे. संख्याशास्त्राच्या वर्गात शिकवलं होतं, की रकाने जितके जास्त तितकं विश्लेषण बारीक. या कामात आल्यावर हिशेब उलटा मांडायला शिकले. इथे प्रत्येक रकान्याला आपली गरज सिद्ध करावी लागते, कारण माहिती फुटली तर समोरच्याची नोकरी जाते, घर सुटतं, नवरा हात उगारतो, कुठे कुठे पोलीस दारात येतात. जे विचारलंच नाही ते फुटू शकत नाही. ही गोष्ट अंगात मुरायला कितीतरी फॉर्म, कितीतरी बैठका आणि काही फार चांगली माणसं कारणी लागली. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलंमुली अधूनमधून विचारतात, की तुम्ही नेमकं करता काय? म्हणून हे जरा सविस्तर.

ज्या देशांत काम केलं त्यांची नावं लिहिणार नाही. त्यातल्या काही ठिकाणी आमच्या सर्व्हेत भाग घेणाऱ्यांचं जगणंच कायद्याने गुन्हा आहे. आजही साठाहून अधिक देशांत समलिंगी संबंध गुन्हा मानले जातात. जे जगजाहीर आहे, ते मात्र नावानिशी लिहिते.

सुरुवात झाली ती नोंदवह्यांपासून. एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, भलीमोठी आडवी रजिस्टरं असायची. एका माणसाची एक ओळ. त्या ओळीत पुढे पुढे महिन्यांचे चौकोन. औषध नेलं की खूण, नेलं नाही की मोकळा चौकोन, मग कधी 'बदली', कधी 'संपर्क नाही', कधी 'मृत्यू'. महिनाअखेर नर्सबाई बोटाने चौकोन मोजायच्या, बेरजा कागदावर मांडायच्या आणि मी त्या पडताळून पाहायचे. तिथून आकडे डीएचआयएस-टू नावाच्या संगणक प्रणालीत जातात. ऑस्लो विद्यापीठाने वाढवलेली ही प्रणाली आज अनेक देशांचे आरोग्य विभाग वापरतात. पुढे देशपातळीवरचे तज्ज्ञ स्पेक्ट्रम नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे इतर माहितीशी जोडून अंदाज काढतात आणि यूएनएड्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम, ते जगापुढे ठेवतो. 2024 मध्ये जगात सुमारे 4 कोटी 8 लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि 3 कोटी 16 लाख उपचारावर होते, असं आपण वाचतो तेव्हा त्याच्या तळाशी असा कुठलातरी मोकळा चौकोन असतो.

त्या नोकरीत एक गोष्ट मनावर ठसली: रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असायचं. रांगेत उभ्या माणसाला मान जराशी वळवली तरी शेजाऱ्याचं नाव वाचता यावं, असं. मी बेरजा तपासायला गेले होते, पण डोळे सारखे तिकडेच जायचे. माझ्या अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

पुढे लपून राहावं लागणाऱ्या समुदायांत एचआयव्ही किती आहे हे पाहणाऱ्या सर्व्हेंच्या कामात शिरले. त्याआधी संशोधन-नीतीचा अभ्यासक्रम करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, प्रमाणपत्र मिळतं. त्यात टस्कीगी येतं. अमेरिकेत 1932 पासून 1972 पर्यंत सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून नुसतं न्याहाळलं गेलं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही त्यांना दिलं नाही. त्यातून संशोधनात माणसांशी कसं वागावं याची तत्त्वं सांगणारा 1979 चा बेल्मॉन्ट अहवाल आला. डब्ल्यूएचओची चाचणीसाठीची पाच तत्त्वंही शिकवतात: संमती, गोपनीयता, समुपदेशन, अचूक निकाल आणि पुढच्या उपचाराशी जोडून देणं. सगळं नीट शिकावं, पाठही करावं. पण खरं शिक्षण झालं ते प्रश्नावलीच्या टेबलाभोवती.

आमच्या पहिल्या मोठ्या सर्व्हेच्या प्रमुख मूळच्या परिचारिका होत्या. एड्सवर औषध नव्हतं त्या काळात त्यांनी वॉर्डांत माणसं जाताना पाहिली होती. प्रश्नावलीचा मसुदा तयार झाला की त्या प्रत्येक प्रश्नापुढे एक कोरा रकाना काढायच्या आणि विचारायच्या, "हे उत्तर अहवालातल्या कुठल्या तक्त्यात जाणार?" तक्ता सांगता आला नाही तर प्रश्न जागीच खोडायचा. 'पुढेमागे उपयोगी पडेल' हे कारण चालत नसे. एका तज्ज्ञाला जन्मतारीख हवी होती. त्या म्हणाल्या, "वयोगटाचा तक्ता करायचाय ना? मग पूर्ण वर्षांत वय विचारा." लटान्या स्वीनी या अमेरिकन संशोधिकेने दाखवून दिलंय, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून बहुसंख्य अमेरिकन माणसं एकेकटी ओळखता येतात. नाव काढून टाकलं म्हणजे माणूस लपला असं होत नाही. आमच्या फॉर्ममधून मूळ गाव गेलं, जमात गेली, मुलांची संख्या गेली, शाळेचं नाव गेलं. यातली कुठलीही एक गोष्ट निरुपद्रवी वाटते. चार एकत्र आल्या की छोट्या शहरात ती व्यक्ती कोण हे बाजारातलं कुणीही सांगेल.

नावांचा सोस किती महाग पडतो हे जगाने पाहिलंय. केनियात फेब्रुवारी 2015 मध्ये सरकारने शाळकरी वयाच्या एचआयव्हीबाधित मुलांची नावानिशी माहिती गोळा करायचा आदेश काढला. हेतू सेवा पोचवायचा होता असंच सांगितलं गेलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर 2016 मध्ये न्यायालयाने तो आदेश घटनाबाह्य ठरवला. सिंगापूरची गोष्ट त्याहून जिव्हारी लागणारी. जानेवारी 2019 मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने सांगितलं, की सरकारी एचआयव्ही नोंदणीतल्या 14,200 जणांची नावं, फोन नंबर, पत्ते आणि वैद्यकीय तपशील इंटरनेटवर उघड झाले आहेत. माहिती शिस्तीत गोळा झाली होती, शिस्तीत साठवली होती. ती आतल्या वाटेने बाहेर पडली. आमच्या टीमच्या बैठकीत ही बातमी वाचली गेली तेव्हा त्या परिचारिका-प्रमुख एवढंच म्हणाल्या, की आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी काढा, आजच.

पण सगळं शहाणपण खोडण्यातच आहे असंही नाही. हे मला देहविक्रय करणाऱ्या बायकांनी शिकवलं.

1983 साली डेन्व्हरमध्ये एड्ससह जगणाऱ्या लोकांनी एक जाहीरनामा मांडला होता, की आमच्याबद्दलच्या निर्णयांत प्रत्येक पातळीवर आम्ही असणारच. त्या धाग्यावर आता सर्व्हेसाठी समुदायाचं सल्लागार मंडळ नेमतात. अनेक ठिकाणी ते फोटोपुरतं असतं. आमच्याकडे त्यांना प्रश्न खोडायचा आणि घालायचाही अधिकार होता. मसुद्यात पोलिसांविषयी एकही प्रश्न नव्हता. टीमला वाटलं होतं, की असं काही विचारलं तर लोक घाबरतील आणि सरकारही नाराज होईल. मंडळातली एक बाई उभी राहिली. पर्समध्ये कंडोम सापडला की तोच पुरावा धरून पोलीस आम्हाला पकडतात, असं सांगून ती म्हणाली, "तुम्ही विचारणार कंडोम का वापरला नाही. आम्ही जवळ का बाळगत नाही ते कोण विचारणार?" प्रश्न घातला गेला. त्याच मंडळाने 'पहिल्यांदा या धंद्यात कशी आलीस' हा प्रश्न मात्र काढायला लावला. त्याचा कुठल्या सेवेशी संबंध, असं त्यांनी विचारलं आणि त्यावर कुणाकडेही उत्तर नव्हतं.

आता या सर्व्हेची पद्धत सांगायला हवी, कारण नीतीचे निम्मे पेच तिथेच आहेत. लपून राहणाऱ्या समुदायाची मतदारयादी नसते, घरोघर जाऊन ती माणसं सापडत नाहीत. म्हणून डग्लस हेकाथॉर्न या समाजशास्त्रज्ञाने 1997 मध्ये मांडलेली साखळी पद्धत वापरतात. समुदायातल्या काही विश्वासू लोकांपासून सुरुवात करायची, प्रत्येकाला मोजकी कूपनं द्यायची, त्यांनी ती आपल्या ओळखीच्यांना द्यायची. कुठल्या कूपनवर माणूस आला एवढं आम्हाला कळतं, कुणाला नाकारलं गेलं ते कळत नाही, नाव तर नाहीच. वेळेचा आणि प्रवासाचा मोबदला देतात, ओळखीचा माणूस आला की त्याचाही थोडा. इथे एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाला परवानगी देणारी नीती-समिती, हटकून अडते: रक्कम एवढी मोठी नको की पैशासाठी माणूस मनाविरुद्ध हो म्हणेल. आणि एवढी छोटीही नको, की ज्याची दिवसाची मजुरी बुडते त्याच्या वेळेला आपण कवडीचीही किंमत देत नाही असं व्हावं. हा वाद दर वेळी नव्याने घालावा लागतो आणि तो घालावाच.

मोबदला आहे म्हटल्यावर तोच माणूस दुसऱ्या कूपनवर परत येऊ शकतो. तो ओळखायचा कसा? तंत्रज्ञान पुरवणाऱ्यांचं उत्तर तयार असतं: बोटांचे ठसे. केनियातल्या समुदाय-संघटनांनी याच मुद्द्यावर एका सर्व्हेला ठाम नकार दिला आणि तो नकार जगभर गाजला. ज्यांचं अस्तित्व कायद्याला खुपतं, त्यांचे ठसे एकदा कुठल्याही यंत्रात गेले की ते उद्या कुणाच्या हाती लागतील याची हमी देणार कोण? आमच्या मंडळानेही तेच सांगितलं. मग जुना, साधा मार्ग निवडला. कूपन घेणारी बाई दाराशी टेप घेऊन बसायची: मनगटाचा घेर, कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी. दोनच मापं, मिलिमीटरमध्ये, आणि शेजारी वयाचा गट. एवढ्यावरून पुन्हा आलेला माणूस बहुतेकदा लक्षात येतो आणि या आकड्यांचा पोलिसांना काडीचाही उपयोग नाही. काही दुबार नोंदी सुटल्या असतील. तेवढी त्रुटी आम्ही डोळे उघडे ठेवून पत्करली आणि अहवालात तसं लिहिलं.

सहीचंही तसंच. संमतिपत्रावर सही हवी, हे कमिटीतल्या मंडळींना इतकं पक्कं वाटतं, की सहीविना संमती म्हटलं की भुवया वर जातात. पण अशा सर्व्हेत त्या माणसाचं नाव असलेला एकमेव कागद म्हणजे ते सही केलेलं संमतिपत्र! बाकी सगळीकडे फक्त सांकेतिक क्रमांक. म्हणजे त्याच्या रक्षणासाठी म्हणून घेतलेली सहीच त्याला पकडून देणार. अमेरिकेच्या संशोधन-नियमांतही यासाठी तरतूद आहे: संमतिपत्र हा ओळखीचा एकमेव दुवा असेल आणि मुख्य धोका गोपनीयता भंगण्याचा असेल, तर सहीची अट शिथिल करता येते. तोंडी संमती घ्यायची, ती नीट समजावून घेतली अशी सही मुलाखतकाराने करायची. कमिटीला हे पटवायला वेळ लागला, पण पटलं. त्यांनी घातलेली एक अट मात्र मला मनापासून आवडली: संमतीआधी समज तपासायचे प्रश्न विचारा.

ते प्रश्न अगदी साधे होते. आम्ही तुम्हाला काय काय विचारणार? रक्त कशासाठी घेणार? मध्येच नको वाटलं तर तुम्ही काय करू शकता? प्रशिक्षणानंतरच्या चाचणी-फेरीत मी एका मुलाखतकाराशेजारी बसले होते. समोरची बाई एचआयव्हीसह जगणारी, शेजारच्याच केंद्रातून औषधं घेणारी. पहिल्या दोन प्रश्नांची तिने चटचट उत्तरं दिली. तिसऱ्याला ती थोडी थांबली आणि म्हणाली, "नको म्हणता येईल. पण मग माझ्या गोळ्या बंद होतील ना?" मुलाखतकाराने टॅबलेट खाली ठेवला. आम्ही तिला सांगितलं, की या खोलीचा आणि गोळ्यांचा काही संबंध नाही, हो म्हटलं काय नि नाही म्हटलं काय, गोळ्या मिळतच राहतील. तिने मान हलवली. पण पटलं नव्हतं. ते दिसत होतं. त्याच आवारात, त्याच संस्थेचं चिन्ह असलेले टी-शर्ट घातलेली माणसं तिच्यासमोर बसली होती. ती काय चुकीचं समजत होती? तिने आयुष्यभर जे पाहिलं त्यावरून अगदी बरोबर अंदाज बांधत होती. त्या दुपारी मुलाखत घेतली नाही, मोबदला देऊन तिला निरोप दिला. मग जागा बदलली. औषधं देणाऱ्या केंद्रापासून दूर, पाटी नसलेली, दोन दारांची जागा शोधली, टी-शर्ट काढून टाकले. संमतिपत्रातला एक शब्दही बदलावा लागला नाही. बदलायची होती ती भिंत आणि कपडे. संमती ही कागदावरची गोष्ट आहे असं मानणाऱ्यांना मी अजूनही हा प्रसंग सांगते.

मुलाखतीतले अवघड प्रश्न आम्ही तोंडी विचारत नसू. कानाला हेडफोन, प्रश्न ऐकू येणार, उत्तर पडद्यावर बोटाने. खोलीत बसलेल्या मुलाखतकारालाही उत्तर कळत नाही. हिंसेबद्दल, नशेबद्दल लोक अशा वेळी जास्त मोकळेपणाने सांगतात, असा अनुभव आहे. टॅबलेटवरची माहिती कुलूपबंद, रोज संध्याकाळी सर्व्हरवर चढवायची आणि यंत्रावरून पुसायची. पोलीस आले तर कोण बोलणार, लोक कुठल्या दाराने बाहेर जाणार, याचा सरावही करून घेतला होता.

रक्ताविषयी थोडं जास्त लिहिते, कारण या क्षेत्राचा इतिहास तिथे गुंतलाय. कित्येक वर्षं जगभर गरोदर बायकांच्या तपासणीतलं उरलेलं रक्त, नाव काढून, त्यांना न सांगता एचआयव्हीसाठी तपासलं जायचं. नाव नाही म्हणजे इजा नाही, असा युक्तिवाद होता. औषधच नव्हतं तोवर तो कसाबसा तगला. पण औषधं आली, बाळाला लागण होणं टाळता येऊ लागलं, आणि तरीही जिचं रक्त बाधित निघालं तिला न सांगता तिचा फक्त आकडा करायचा, हे टिकणारं नव्हतं. हळूहळू देश नेहमीच्या चाचण्यांच्या आकडेवारीकडे वळले आणि घरोघरच्या नव्या सर्व्हेंत निकाल त्या माणसाला त्याच भेटीत सांगण्याची रीत पडली. हे फक्त दयाबुद्धीने झालं असं मला वाटत नाही. विश्वासाने दिलेलं रक्त आकडाही बरा देतं. 2007 मध्ये यूएनएड्सने जगाचा अंदाज 3 कोटी 95 लाखांवरून 3 कोटी 32 लाखांवर आणला, त्यात मोठा वाटा भारताचा होता. भारताचा आकडा 57 लाखांवरून सुमारे 25 लाखांवर आला. आधीचे अंदाज प्रामुख्याने ठरावीक दवाखान्यांत येणाऱ्यांवर बेतलेले होते. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक लाखाहून अधिक लोकांनी आपल्या दारात आलेल्या माणसाला रक्त दिलं, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. त्यांनी दार लावून घेतलं असतं तर?

सर्व्हे संपल्यावर काही काळ मी नेहमीच्या सेवेतल्या आकडेवारीवर काम केलं आणि तिथे सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पाहिली. बाधित व्यक्तीच्या जोडीदारांना चाचणीसाठी गाठणं ही उपयुक्त सेवा आहे. डब्ल्यूएचओने 2016 मध्ये तिची शिफारस केली ती 'स्वेच्छेने' या अटीवर. पण एका ठिकाणी भिंतीवर फळा टांगलेला होता. त्यावर प्रत्येक नर्सचं नाव आणि पुढे तिने किती जोडीदारांची नावं मिळवली तो आकडा. ज्यांचा आकडा कमी, त्यांच्याभोवती लाल गोल. लाल गोलातली नर्स समोरच्या बाईला किती वेळा विचारणार? 'नवऱ्याला कळलं तर तो तुला मारेल का' हा प्रश्न आधी विचारायचा नियम आहे. ती 'हो' म्हणाली तर नाव मिळत नाही, आकडा वाढत नाही. त्या केंद्रात या प्रश्नाला 'हो' असं उत्तर जवळजवळ कुठेच नोंदलेलं नव्हतं. माझ्या मते असा कोरडा ठणठणीत रकाना ही धोक्याची खूण असते. तिथे हिंसा नाही असं कुणी समजू नये. आम्ही फळा उतरवायला लावला, आणि नाव द्यायला किती जणींनी नकार दिला ही नोंद सुरू केली. नकाराचा आकडा शून्य आला की आता वरून विचारणा होते. ही एक सुधारणा करता आली याचं मला आजही समाधान आहे.

मग येतो नकाशाचा मुद्दा. सर्व्हेसाठी आउटरीच कार्यकर्ते, म्हणजे समुदायात फिरून काम करणारी माणसं, लोक जिथे भेटतात त्या जागा हेरतात: बार, बसस्टँडच्या मागची गल्ली, लॉज. कुठल्या जिल्ह्यात अंदाजे किती लोक आहेत हे त्यातून कळतं आणि कंडोम, औषधं त्या प्रमाणात पोचवता येतात. एका अधिकाऱ्याने अहवाल वाचून अगदी सौजन्याने सांगितलं, "जिल्हा नको, जागांचे जीपीएस द्या, सेवा नेमकी देता येईल." त्यांचा हेतू चांगला असेलही. पण पुढच्या वर्षी त्या खुर्चीत कोण बसेल? आम्ही दिले नाहीत. जागांची यादी कार्यकर्त्यांच्या संघटनेकडेच ठेवायची, असं प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणून नकार देता आला. नंतर सुचलेलं शहाणपण अशा खोलीत टिकत नाही. अमेरिकेच्या मदतीतून अनेक देशांत चालणाऱ्या घरोघरच्या डीएचएस, म्हणजे लोकसंख्या आणि आरोग्य सर्व्हेंतही गावगटांची ठिकाणं मुद्दाम सरकवून प्रसिद्ध करत असत, शहरात दोन किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण भागात बहुतेकदा पाचपर्यंत. आमच्या तक्त्यांतही पाचपेक्षा लहान आकडा आला की तो झाकायचा हा नियम होता. एखाद्या छोट्या शहरातल्या तीन ट्रान्स स्त्रियांपैकी दोघी बाधित, असं छापणं म्हणजे नावं छापण्यासारखंच.

निष्कर्ष सगळ्यांत आधी समुदायाला दाखवले. मंत्रालयाला नंतर. त्या बैठकीत कंडोमच्या तक्त्यावरून जोरदार चर्चा झाली, आणि ती पोलिसांवरच्या प्रश्नाची बाई आपल्या प्रश्नाचा तक्ता शोधत पानं उलटत होती. सापडल्यावर तिने तो शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवला. पुढे त्यांच्या संघटनेने तोच तक्ता घेऊन पोलीस अधिकाऱ्यांची भेट मागितली.

20 जानेवारी 2025 ला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि आमच्या क्षेत्राखालची जमीन सरकली. ओळखीतल्या कितीतरी जणांची नोकरी गेली. डीएचएस कार्यक्रम फेब्रुवारीत बंद पडला. लोकांनी औषधांची काळजी केली आणि ते योग्यच होतं. मला त्याबरोबर दुसरीही काळजी होती: सर्व्हरचं भाडं आता कोण भरणार? सहयोगी संस्था बंद होतेय, तिचे टॅबलेट, लॅपटॉप, कपाटातले कागद कुणाच्या ताब्यात जाणार? संमती घेताना 'तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित राहील' असं आपण म्हणतो. त्यातलं 'आमच्याकडे' हे कार्यालयच उरलं नाही तर त्या शब्दाचं काय? आमच्या एका कामात व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, निकाल देण्यासाठी सांकेतिक क्रमांक आणि फोन नंबर जोडणारी यादी होती. उरलेले निकाल फोनवर कळवले, मग ती यादी साक्षीदारांसमोर नष्ट केली आणि तशी नोंद कमिटीला पाठवली. करारानुसार यंत्रं परत करायची होती. ती पुसल्याशिवाय एकही दाराबाहेर जाऊ दिलं नाही. पगार थांबलेली माणसं त्यासाठी येऊन बसत होती. कुणी सांगितलं नव्हतं.

आता या वाटेने यायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. संख्याशास्त्र किंवा साथरोगशास्त्र पक्कं हवं, डेटा-सुरक्षा हल्ली त्याहून जास्त हवी. पण त्याआधी काही महिने एखाद्या केंद्रात नोंदवही लिहिणाऱ्या माणसाशेजारी बसा. मुलाखत घ्यायला शिका, स्वतः घ्या. आकड्यांवरच बसणाऱ्याला नकाराचा आवाज ओळखता येत नाही. एथिक्स कमिटीला अडथळा समजू नका. आणि पैसा कमी झालाय, नोकऱ्याही, हे लपवण्यात अर्थ नाही. सध्या जागा निघतात त्या बहुतेक देशांच्या आपापल्या आरोग्य विभागांत आणि समुदायाच्या संघटनांत. दुसऱ्या प्रकारच्या जागा मला जास्त मोलाच्या वाटतात. समुदाय स्वतः आपल्या केंद्रांवर लक्ष ठेवतो, औषध होतं का, कुणी अपमान केला का याची नोंद करतो, त्या कामाला चांगल्या हातांची फार गरज आहे.

मी सध्या एका नव्या अभ्यासाचा प्रोटोकॉल लिहिते आहे. त्यात 'काम मध्येच बंद पडलं तर' असं पूर्ण प्रकरण घातलंय: सर्व्हरचे आगाऊ भरलेले पैसे, कुठली यादी सर्वांत आधी नष्ट करायची, निकाल राहिलेल्यांना कोण कळवणार. माहितीच्या कुलपाची किल्ली दोन भागांत, एक भाग विद्यापीठाकडे, दुसरा समुदायाच्या संघटनेकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय उघडणार नाही. कमिटीने विचारलंय, की संघटनेवरच बंदी आली तर तिच्याकडच्या भागाचं काय. रास्त प्रश्न आहे. शेजारच्या देशातल्या संघटनेकडे तो भाग सोपवता येईल का, याची बोलणी चालू आहेत. त्यांनी होकार देईपर्यंत पहिलं कूपन निघणार नाही, असं आम्ही कमिटीला लेखी कळवलंय.